ट्रेलर बघायला गेलो आणि टेम्पो घेऊन आलो

आम्ही काही पिढीजात घोडेवाले नाही. दादरला दोन खोल्यांत राहतो, नवऱ्याला कुत्र्याचीसुद्धा भीती वाटते. पण मी पंधरा वर्षं रायडिंग करतेय आणि चार वर्षांपूर्वी रेसमधून रिटायर झालेली एक घोडी माझ्या गळ्यात पडली, म्हणजे खरं तर मीच पाडून घेतली. रेसच्या कागदांवर तिचं भलंमोठं इंग्रजी नाव आहे, आम्ही तिला ठकी म्हणतो. कुमैत रंग, कपाळावर वाकडा टिळा, सोळा हँड्स उंच म्हणजे आयाळ संपते तिथे पाच फूट चार इंच, वजन साडेचारशे किलोच्या आसपास.

ठकीचा प्रॉब्लेम असा की एप्रिल उजाडला की तिला घाम यायचा बंद होतो. ऐकायला बरं वाटतं, पण घोड्याचं अंग घामानेच थंड होतं, घाम नाही आला तर नुसती धापा टाकत उभी राहते, नाकपुड्या फुगलेल्या, अंग तव्यासारखं आणि कातडी कोरडी ठणठणीत. तबेल्यात याला ड्राय कोट म्हणतात, दमट हवेत होतं, आणि मुंबईच्या हवेबद्दल मी वेगळं काय सांगू. डॉक्टर म्हणाले औषधं देतो पण खरा उपाय एकच, हिला उन्हाळा-पावसाळा घाटावर ठेवा. माझा मामा ओतूरला, जुन्नर तालुक्यात. तीन म्हशी, वीसेक शेळ्या, टोमॅटो. मामा म्हणाला पाठव, बिबट्यापासून जपावं लागेल तेवढं, पक्का गोठा आहे.

म्हणजे दर वर्षी एकदा माळशेज घाट चढायचा आणि दिवाळीच्या आसपास उतरायचा.

पहिल्या वर्षी रेसवाल्यांच्या फ्लोटमध्ये, म्हणजे घोडे न्यायच्या बंद गाडीत, जागा मिळते का बघितलं. रेसचे घोडे हिवाळ्यात महालक्ष्मीला आणि पावसाळ्यात पुण्याला असतात त्यामुळे घोड्यांच्या खास गाड्या या शहरात आहेतच, पण त्या खंडाळ्याने पुण्याला जातात, एका घोडीसाठी ओतूरला कोण येणार. शेवटी एका ट्रान्सपोर्टवाल्याने पिकअप पाठवली. उघडी गाडी, वर ताडपत्री, खाली वाळू, आणि घोडी हलू नये म्हणून त्याने तिचं डोकं वर करून दोन्हीकडून आखूड बांधलं. मला तेव्हा काही कळत नव्हतं, मलाही वाटलं घट्ट बांधलंय म्हणजे सेफ आहे. पोचली तेव्हा खोकत होती आणि तिसऱ्या दिवशी ताप. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं की घोडा मान खाली घालून नाकातला, श्वासनळीतला चिकटा बाहेर टाकत असतो, तास न् तास डोकं वर बांधून ठेवलं तर तोच चिकटा आणि धूळ छातीत उतरते. इंजेक्शनं, पंधरा दिवस मामीची जागरणं. ठकी वाचली. मी ठरवलं, आता गाडी आपली.

मामा म्हणाला अर्धे पैसे मी घालतो, पण मग एकच गाडी अशी घे की घोडी पण जाईल, म्हशी पण जातील, शेळ्या बाजाराला जातील आणि नारायणगावला टोमॅटोचे क्रेट पण जातील. हे वाक्य लक्षात ठेवा.

माझ्या डोक्यात ट्रेलरच होता. परदेशातले व्हिडिओ बघून बघून असं वाटायला लागतं की जीपच्या मागे सुबक पांढरा डबा, त्यात घोडा, चालले हायवेने. आणि त्यात तथ्य आहेच, ट्रेलरची फरशी जमिनीपासून जेमतेम सव्वा-दीड फुटावर असते त्यामुळे चढ अगदी कमी, घोड्याला चढणं-उतरणं सोपं. तर पुण्याच्या बाजूला एक सेकंडहँड दोन घोड्यांचा ट्रेलर आहे असं कळलं. रविवारी गेलो. मी, नवरा आणि आमचे सईस चाचा, ज्यांनी आयुष्य घोड्यांच्या पायाशी काढलंय.

लांबून फर्स्टक्लास. नवीन पेंट, आत रबराची मॅट, खिडक्यांना जाळ्या. मालक म्हणाला साडेचार लाख, कमी-जास्त करू. मी जवळजवळ हो म्हणणार होते, तेवढ्यात चाचांनी मॅटचा कोपरा उचलला आणि खिशातला स्क्रूड्रायव्हर खालच्या फळीत टोचला. केकमध्ये सुरी जावी तसा गेला. घोड्याचं मूत मॅटच्या फटीतून खाली झिरपतं आणि मॅटखाली वाळतच नाही, वरून कितीही धुवा. लाकूड कुजतं, लोखंड गंजतं, ॲल्युमिनियम असेल तर तेही खाल्लं जातं. साडेचारशे किलोचं जनावर चार खुरांवर उभं असतं, चालत्या गाडीत एक पाय फळीतून खाली गेला तर पुढे काय होईल ते मी लिहीत नाही, तुम्हीच इमॅजिन करा. मग टायर बघितले. नक्षी नवीकोरी, कारण ट्रेलर चाललाच नव्हता, पण बाजूला जो चार आकडी नंबर असतो तो ३४१४, म्हणजे २०१४ सालातला ३४वा आठवडा. उभ्या उभ्या म्हातारा झालेला टायर. बाहेरून काही कळत नाही, भरल्या वजनाला उन्हात फुटतो. मालकाला म्हटलं विचार करून सांगतो. चाचा गाडीत बसल्यावर एवढंच बोलले, "बाहर का मेकअप मत देखो बेटा."

मग नवीन ट्रेलर बनवून घ्यायचा विचार. इथे नवऱ्याने पहिल्यांदा कामाचा प्रश्न विचारला, की हा ओढणार कोण? आमच्याकडे छोटी हॅचबॅक. रिकामा ट्रेलरच टनभराचा, त्यात ठकी आणि मामाची एखादी म्हैस धरली तर दोन टन. हे मागे लावून माळशेज चढणं एक वेळ जमेल हो, पण उतरताना? उतारावर ट्रेलर गाडीला मागून ढकलतो. त्याला स्वतःचे ब्रेक हवेत, दोन ॲक्सल हवेत म्हणजे एक टायर गेला तरी डबा कलंडत नाही, आणि भरल्या वजनाचा साधारण दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या हुकावर यायला हवा, तो कमी पडला तर ट्रेलर शेपूट हलवल्यासारखा झुलायला लागतो आणि ओढणाऱ्या गाडीला घेऊन जातो. म्हणजे ओढायला दणकट जीप पाहिजे, म्हणजे ट्रेलर प्लस जीप. शोरूममध्ये जाऊन विचारलं की ही गाडी किती किलो ओढते, तर तिथल्या मुलाने मायलेज सांगितलं. परत विचारलं तर बूट स्पेस सांगितली.

आणि पार्किंग! आमच्या सोसायटीत स्कूटर लावायला भांडणं होतात. सेक्रेटरींना सहज विचारलं की घोड्याचा ट्रेलर उभा करायचा झाला तर, ते अर्धा मिनिट माझ्याकडे बघतच राहिले. शिवाय ट्रेलर म्हणजे आरटीओच्या लेखी वेगळं वाहन, त्याची वेगळी नोंदणी, वेगळा नंबर. आणि रिव्हर्स घेणं ही तर वेगळीच विद्या आहे, स्टिअरिंग डावीकडे वळवलं की डबा उजवीकडे जातो. तबेल्याच्या गल्लीत एका बाजूला भंगारवाला, दुसऱ्या बाजूला वडापावची गाडी, तिथे हे नाटक मला पहाटे तीन वाजता करायचं होतं.

तर ट्रेलर गेला बाजूला. आता छोटा ट्रक घ्यायचा आणि मागची बॉडी आपल्याला हवी तशी बांधून घ्यायची. मामाच्या ओळखीत एक सेकंडहँड टेम्पो मिळाला, बारा फूट लांब सहा फूट रुंद हौदा, इंजिन ठणठणीत. बॉडी बांधायला कळंबोलीला गेलो, तिथे ट्रकवाल्यांची अख्खी दुनिया आहे. मिस्त्रीने आयुष्यभर मालाच्या बॉड्या बांधलेल्या, घोड्याची ही पहिलीच, पण माणूस शिकायला तयार.

इथे नियमाचं गणित आलं. २०१६ पासून जनावरं न्यायच्या गाडीत प्रत्येक जनावराला कायमचा वेगळा कप्पा लागतो आणि कप्प्याचं मापही ठरलेलं आहे, घोड्याला सव्वादोन चौरस मीटर, गाय-म्हशीला दोन, शेळी-मेंढीला ०.३. आपला हौदा बहात्तर चौरस फूट, म्हणजे ६.६९ चौरस मीटर. तीन घोड्यांना लागतात ६.७५. मामाला फोनवर सांगितलं की तीन बसत नाहीत, एवढ्याश्शासाठी हुकतंय, तर तो म्हणतो आपल्याकडे घोडी एकच आहे ना? हे खरं होतं, आकड्यांच्या नादात मी विसरलेच होते.

दोन कप्पे ठरले, शेजारी शेजारी, तोंड पुढे. तीन फूट रुंद आणि आठ फूट लांब केला तर २.२३ भरतो, नियमाला दोन बोटं कमी, म्हणून साडेआठ फूट घेतला. पुढे साडेतीन फूट उरले तिथे चाचांना बसायला फळी, पाण्याचे कॅन आणि चारा. मधलं पार्टिशन मात्र खालपर्यंत आणू दिलं नाही, गुडघ्याच्या वरच थांबवलं. मिस्त्री म्हणत होता मॅडम पूर्ण पत्रा मारतो, मजबूत होईल. पण वळणावर घोडा तोल सांभाळायला पाय फाकवतो, खाली भिंत आली की पाय फाकत नाहीत, तोल जातो आणि मग तो भिंतीवर लाथा झाडत वेडा होतो. इथेच शेळ्यांचा पत्ता कटला, कारण त्या पार्टिशनखालून इकडून तिकडे फिरतील. म्हशींना चाललं. मामा जरा नाराज झाला.

उंचीवर भांडण झालं. मिस्त्रीचं म्हणणं सहा फूट पुरे, घोडी साडेपाचचीच आहे. अहो, ती पाठ झाली, मान आणि कान कुठे जाणार? साडेसात फूट करून घेतली. छप्पर डबल, दोन पत्र्यांमध्ये थर्माकोल आणि बाहेरून पांढरा रंग, कारण मे महिन्यात सिंगल पत्र्याखाली घाम न येणारी घोडी उभी करणं म्हणजे तिला भट्टीत घालणं. खिडक्या दोन्ही बाजूंना वर लांबलचक, वारा अंगावरून जाईल पण सरळ डोळ्यांत जाणार नाही अशा. सायलेन्सरचं तोंड मागच्या दारापासून लांब वळवून घेतलं, नाहीतर सिग्नलला उभं राहिलं की सगळा धूर आत. फरशी चेकर प्लेटची, म्हणजे उठावाच्या नक्षीच्या लोखंडी पत्र्याची, नको म्हटलं, ओली झाली की नालाखाली बर्फासारखी होते. जाड लाकडी फळ्या, पाणी जायला मध्ये बारीक फटी, वर रबर मॅट पण तुकड्या-तुकड्यांत, दर खेपेनंतर उचलून वाळवता येईल अशी.

टेम्पोचा तोटा एकच पण मोठा, फरशी तीन फूट वर. रॅम्प सात फुटांचा केला तरी चढ खडाच राहतो. त्यावर आडव्या पट्ट्या आणि काथ्याची चटई ठोकली, खूर घसरत नाही आणि पत्र्यासारखा धडाडधूम आवाजही होत नाही, घोडे त्या आवाजालाच जास्त बिचकतात. मामाने मात्र यावर अशी आयडिया सांगितली की मी गार पडले. गाडी शेताच्या बांधाला लाव की, बांध तीन फुटांचा, रॅम्प सपाट पडेल.

बॉडी तयार झाल्यावर चाचा म्हणाले पहिले तुम खडी रहो. मी मागे ठकीच्या कप्प्यात उभी राहिले, हात कशाला न लावता, आणि ड्रायव्हरला सांगितलं यार्डात दोन चकरा मार. पहिल्या ब्रेकला मी छातीच्या दांड्यावर, म्हणजे कप्प्याच्या पुढच्या आडव्या दांड्यावर, आपटले, वळणावर पार्टिशनवर. वीसच्या स्पीडला हं. ड्रायव्हर बिचारा म्हणाला मी तर हळूच मारला. मग आम्ही अर्धा तास फक्त ब्रेकची प्रॅक्टिस केली, मी आत उभी आणि तो बाहेर घाम पुसत. छातीच्या दांड्याला त्याच दिवशी फोम आणि रेक्झिन लावून घेतलं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. जनावरांसाठी गाडी बदलली की आरटीओकडून वेगळं लायसन्स लागतं. प्रवासाआधी डॉक्टरांचा फिटनेसचा दाखला. आणि ग्लँडर्ससाठी रक्त हिसारला पाठवायचं, तिथे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे. हा रोग माणसालाही होतो आणि घोडा पॉझिटिव्ह निघाला तर औषधोपचार नाहीत, मारावाच लागतो. रिपोर्ट येईपर्यंत मला जेवण गेलं नाही, तिला काहीही झालेलं नसताना. ही सगळी फाइल ड्रायव्हरच्या सीटमागे प्लॅस्टिकच्या पिशवीत असते, कारण गाडीत जनावर दिसलं की नाक्यावर थांबवतातच, आणि त्या वेळी मोबाइलमधले फोटो दाखवत बसायला कोणाला पेशन्स नसतो.

आणि याच नियमात ते एक वाक्य निघालं, की जनावरांसाठी मंजूर झालेल्या गाडीतून दुसरा कुठलाही माल न्यायचा नाही. मी मामाला लगेच नाही सांगितलं. अर्धे पैसे त्याचे होते.

गाडी तबेल्यात आणली तेव्हा जायला तीन आठवडे होते, आणि ते पुरले म्हणून बरं. ठकीला मागच्या वेळची पिकअप लख्ख आठवत होती, रॅम्प दिसला की ती मागे मागे. चाचांनी जबरदस्ती करूच दिली नाही. रोज संध्याकाळचा खुराक रॅम्पच्या पायथ्याशी, मग रॅम्पवर, मग पुढचे दोन पाय आत आणि लगेच बाहेर, शाब्बास, गाजर, संपलं. बाराव्या दिवशी ती स्वतः चढून आत जाऊन उभी राहिली आणि आम्ही सगळे मूर्खासारखे बाहेर रॅम्पवरच. एक क्रम मात्र चाचांनी माझ्याकडून पाठ करून घेतला, चढवताना आधी मागचा दांडा लावायचा आणि मग डोकं बांधायचं, उतरवताना आधी डोकं सोडायचं आणि मग दांडा काढायचा. उलट केलं तर घोडी मागे यायला जाते, डोकं अडकलेलं असतं, घाबरून मागे झटका देते आणि मान मोडून घेते. दोरसुद्धा थेट कडीला नाही, मध्ये सुतळीचा फेरा, जास्तच ओढ बसली तर सुतळी तुटावी. आणि दोर एवढा लांब की मान छातीच्या खाली जाईल.

मेच्या पहिल्या आठवड्यात रात्री तीनला निघालो. ठकी उजव्या कप्प्यात, ड्रायव्हरच्या बाजूला, कारण आपला रस्ता कडेला डावीकडे उतरता असतो आणि एकच जनावर असेल तर वजन उजवीकडे हवं. घोड्यांच्या गाडीला जुन्या नियमांप्रमाणे ताशी ३५ चा स्पीड. रात्री तीनला ईस्टर्न एक्सप्रेस हायवे मोकळा पडलाय आणि आम्ही ३५ ने! मागून येणारा प्रत्येक ट्रक हॉर्न मारून शिव्या घालून पुढे. ठाण्यापर्यंत मला लाज वाटत होती, नंतर सवय झाली. कल्याण, मग मुरबाडला साडेपाचला थांबलो, पाणी दाखवलं, मान खाली घालून दहा मिनिटं उभी राहू दिली. नाक कोरडं, डोळे शांत, ओल्या गवताची जाळी अर्धी संपलेली. नवऱ्याने (तो पुढे बसून आला होता, हे नोंद करण्यासारखं आहे) खिडकीतून तिच्या नाकाला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

माळशेजला पोचेपर्यंत चांगलंच उजाडलं होतं. धबधबे सुकलेले, त्यामुळे गर्दी नाही, फक्त माकडं. वळणावळणावर मी चाचांना फोन करत होते, ठीक है ना, आणि ते प्रत्येक वेळी म्हणत होते सो रही है, आप भी सो जाओ. घाट चढून वर आलो आणि हवा बदलली, कोरडी, गार. पाचव्यांदा फोन केला तर चाचांनी उचललाच नाही.

साडेआठला ओतूर. मामाने सांगितल्याप्रमाणे गाडी मागे घेऊन बांधाला टेकवली, रॅम्प सपाट पडला. डोकं सोडलं, मग दांडा. ठकी दोन पावलं आली, थांबली, गोठ्यातल्या म्हशींकडे बघून एकदा फुरफुरली आणि चालत बाहेर. मामी हळदीकुंकू घेऊन उभी होती, ठकीने ताटातला गूळ आधीच खाऊन टाकला. दुपारी कडुनिंबाखाली तिच्या मानेवर हात फिरवला तर हाताला चक्क ओल लागली. मी चाचांना हाक मारून मारून दाखवली.

मामा तेवढ्यात रिकाम्या गाडीत चढला होता. मॅट उचलून बघितली, पार्टिशन हलवून बघितलं, छताला हात पोचतो का ते बघितलं, आणि मग वीत टाकत टाकत एका कडेने मोजायला लागला. "दोन्ही कप्पे धरून," आतून म्हणाला, "क्रेट चांगले दीडशे बसतील गं."

मी म्हटलं मामा, आधी चहा घेऊ.